हवा स्वच्छ असेल त्या दिवशी

(हिरोशिमा-नागासाकीविषयी वाचताना वहीत उतरवलेली टिपणं)

२५ जुलै १९४५ चा हुकूम. जेमतेम एका पानाचा. लष्करप्रमुख जनरल मार्शल पॉट्सडॅमला गेलेले, म्हणून त्यांच्या जागी काम पाहणाऱ्या जनरल थॉमस हँडींची सही. हुकूम जनरल कार्ल स्पाट्झ यांच्या नावे. स्पाट्झ यांनी तोंडी सांगण्यावरून हे काम करायला नकार दिला होता. लेखी द्या, म्हणाले. मजकूर थोडक्यात असा: ३ ऑगस्टच्या सुमारास किंवा त्यानंतर, हवा स्वच्छ असेल आणि लक्ष्य डोळ्यांना दिसेल अशा दिवशी, हिरोशिमा, कोकुरा, निईगाता आणि नागासाकी यांपैकी एका शहरावर पहिला खास बॉम्ब टाकावा. पुढचे बॉम्ब तयार होतील तसतसे याच शहरांवर टाकत जावेत.

शरणागतीचा उल्लेख नाही. जपानने अमुक उत्तर दिलं तर थांबा, असं नाही. दोन बॉम्बांमध्ये किती दिवस जाऊ द्यायचे, तेही नाही. जपानला शेवटचा इशारा देणारा पॉट्सडॅमचा जाहीरनामा निघाला तो दुसऱ्या दिवशी, २६ जुलैला.

‘युद्ध संपवण्यासाठी अणुबॉम्ब वापरणे योग्य होते का?’ वादविवाद स्पर्धांचा हा हुकमी विषय. बाजूने बोलणारा दहा लाख जीव वाचल्याचा आकडा घेऊन येतो, विरोधातला हिरोशिमाच्या सदाको या मुलीचे कागदी करकोचे. त्या एका पानात मात्र ‘युद्ध संपवण्यासाठी’ असं कुठंच नाही. शहरांची नावं आहेत आणि हवामान आहे.

*

अणुबॉम्ब बनवण्याच्या प्रकल्पाचे लष्करी प्रमुख जनरल ग्रोव्ह्ज. त्यांनी पुढे आठवणींत लिहिलं की अध्यक्ष ट्रूमन यांचा निर्णय म्हणजे मुळात चाललेल्या गोष्टीत आडवं न येण्याचा निर्णय होता. बढाईखोर माणूस, पण इथं त्याचं खरं वाटतं. रूझवेल्ट १२ एप्रिलला गेले. नव्या अध्यक्षाला बॉम्बची सविस्तर माहिती मिळाली २५ एप्रिलला. तोवर ओक रिज आणि हॅनफर्डचे कारखाने रात्रंदिवस चालू होते आणि खर्च दोन अब्ज डॉलरच्या घरात निघाला होता. हे सगळं थांबवायचं असतं, तर ट्रूमनना काही तरी कारण द्यावं लागलं असतं. चालू ठेवायला कुणी कारण मागत नव्हतं.

*

क्योटोची गोष्ट. ग्रोव्ह्ज यांच्या यादीत क्योटो अगदी वर होतं. मोठं शहर, डोंगरांनी वेढलेलं, तोवर बॉम्ब न पडलेलं, म्हणजे परिणाम नीट मोजता येणारं. युद्धमंत्री हेन्री स्टिम्सन यांनी ते खोडलं. ग्रोव्ह्ज यांनी पुन्हा घातलं, स्टिम्सन यांनी पुन्हा खोडलं. शेवटी प्रकरण पॉट्सडॅममध्ये ट्रूमन यांच्यापर्यंत गेलं. स्टिम्सन मधुचंद्राला क्योटोला गेले होते म्हणून शहर वाचलं, अशी लोणकढी अलीकडे सिनेमामुळे आणखी पसरली. लग्न १८९३ सालचं आणि क्योटोची भेट १९२६ ची. पण त्यांनी शहर पाहिलं होतं, देवळं पाहिली होती, हे खरं. शिवाय हिशेबी कारणही होतं. जुनी राजधानी जाळली तर जपानी माणूस युद्धानंतर अमेरिकेऐवजी रशियाकडे झुकेल, असं त्यांनी अध्यक्षांना सांगितलं.

क्योटो गेलं, आणि यादीत अगदी शेवटच्या घटकेला नागासाकी आलं.

मला या गोष्टीत क्योटो वाचल्याच्या आनंदापेक्षा दुसरंच काही दिसतं. एका म्हाताऱ्या मंत्र्याने ठाम ‘नाही’ म्हटलं आणि सगळी यंत्रणा वळली. म्हणजे वळवता येत होती. मग बाकीच्यांनी ‘काय करणार, युद्धाच्या गाड्याला ब्रेक नव्हता’ असं म्हणायची सोय उरत नाही.

*

ट्रूमन यांची त्याच २५ जुलैची रोजनिशी. स्टिम्सनना सांगितलं आहे, लक्ष्य लष्करी ठेवा, सैनिक आणि खलाशी, बायका-मुलं नकोत, असा आशय. त्याच दिवशी वॉशिंग्टनहून निघालेल्या हुकमात चार शहरांची नुसती नावं आहेत.

स्वतःला फसवत होते, की त्यांना खरंच कुणी नीट सांगितलं नव्हतं? दोन्ही मतांचे अभ्यासक आहेत. मे महिन्याच्या अखेरीस पेंटागॉनमध्ये लक्ष्य-समिती बसली होती. शहराच्या कडेला विखुरलेले कारखाने नेमके टिपायच्या फंदात पडू नये, मध्य शहरावरच नेम धरावा, असं त्या बैठकीत ठरलं. हिरोशिमात नेम धरला होता आईओई पुलावर. इंग्रजी ‘टी’च्या आकाराचा हा पूल आकाशातून चटकन ओळखू येतो. बॉम्ब थोडा सरकून शिमा इस्पितळावर, सुमारे ६०० मीटर उंचीवर फुटला.

*

उलट बाजू लपवू नये. हिरोशिमा लष्करी शहर होतंच. दक्षिण जपानच्या रक्षणाची जबाबदारी असलेल्या दुसऱ्या महासेनेचं मुख्यालय तिथं. उजिना बंदरातून १८९४ च्या चीन युद्धापासून फौजा जहाजात चढत आल्या होत्या. त्या युद्धात खुद्द सम्राट मेइजीचा तळ हिरोशिमाच्या किल्ल्यात पडला होता. त्या दिवशी हजारो सैनिक मेले.

आणि त्याच सकाळी सव्वाआठला शहराच्या मध्यभागी शाळकरी मुलं घरं पाडण्याच्या कामावर होती. विमानांनी आगी लावल्या तर त्या पसरू नयेत म्हणून मोकळे पट्टे करायचे चालले होते. मुलं बारा-तेरा वर्षांची, सरकारने कामाला जुंपलेली. त्यांतली सहा हजारांच्या आसपास गेली. त्यांना तिथं उन्हात उभं करणारं सरकार जपानचं होतं, हेही इथंच लिहून ठेवायला हवं.

*

वर्षअखेरपर्यंत हिरोशिमात सुमारे १,४०,०००, नागासाकीत ७० हजारांच्या वर. आकडे अंदाजाचेच, कारण मोजणारे आणि नोंदवह्या एकदमच जळल्या. मेलेल्यांत हजारो कोरियन होते, जपान्यांनी कामाला आणलेले. त्यांचं स्मारक १९७० साली उभं राहिलं ते शांतता उद्यानाच्या बाहेर. आत यायला १९९९ उजाडलं. हिरोशिमात कैदेत असलेले बारा अमेरिकन वैमानिकही त्यांत होते.

*

वाचनकट्ट्यावर परवा एक निवृत्त सुभेदार म्हणाले, ‘तुम्ही पुस्तकं वाचून बोलता. ज्याला किनाऱ्यावर उतरायचं होतं त्याला विचारा.’

बरोबर आहे. अमेरिकन लेखक पॉल फसेल यांनी १९८१ साली नेमकं हेच लिहिलं. एकविसाव्या वर्षी ते युरोपात पायदळात लेफ्टनंट होते, जखमी झाले होते, आणि तशाच अवस्थेत त्यांना जपानवरच्या चढाईत घालायचं ठरलं होतं. बॉम्बची बातमी आली तेव्हा आपण जगणार, मोठे होणार, म्हणून त्यांच्याबरोबरची पोरं रडली. बॉम्बच्या विरोधात सोवळेपणाने बोलणारे बहुतेक त्या वेळी किनाऱ्यापासून फार लांब होते, हा त्यांचा टोमणा बोचतो, कारण तो बराचसा खरा आहे.

आपल्याकडेही हा किनारा होता, याचा उल्लेख मराठीत फारसा सापडत नाही. ब्रिटिशांची ‘ऑपरेशन झिपर’ ही मलायावरची चढाई ९ सप्टेंबर १९४५ ला व्हायची होती. फौज मुख्यतः हिंदी, त्यात मराठा लाइट इन्फन्ट्रीही. शरणागती झाल्यावर ठरल्याप्रमाणे सैन्य उतरलं, प्रतिकाराशिवाय. पण मोरिबच्या किनाऱ्यावर गाड्या चिखलात अशा रुतल्या की समोरून मशिनगन चालू असत्या तर काय झालं असतं, याची कल्पना करवत नाही. सातारा-कोल्हापूरकडच्या किती घरांत तार आली असती! युद्ध संपल्यावरही त्यांतल्या काहींची सुटका झाली नाही. सहाव्या मराठा पलटणीला त्याच वर्षी जावातल्या सुराबायात इंडोनेशियन क्रांतिकारकांशी लढावं लागलं. ते नाव आमच्या कट्ट्यावर कुणीही ऐकलं नव्हतं, सुभेदारांनीसुद्धा.

फसेलशी माझं भांडण इतकंच: मी वाचलो याचा आनंद होणं साहजिक आहे. त्यावरून ते कृत्य योग्य ठरत नाही. सैनिकाला तो निर्णय करायचाच नव्हता. ज्यांना करायचा होता त्यांच्यापुढे आणखी काय काय होतं, ते पाहायला हवं.

*

आकड्यांची वाढ. जून १९४५ मध्ये लष्करी नियोजकांच्या एका टिपणात दोन टप्प्यांच्या चढाईसाठी ४०,००० मृत आणि जखमी धरून १,९३,५०० हानी असा अंदाज आहे. १९४७ च्या फेब्रुवारीत ‘हार्पर्स’ मासिकात स्टिम्सन यांचा लेख आला, त्यात हानी दहा लाखांच्या वर. इथं हानीत जखमीही धरलेले, पण वाचणाऱ्याने ते सगळे मृतच समजले. १९५५ मध्ये ट्रूमन यांच्या आठवणींत पाच लाख अमेरिकन प्राण.

स्टिम्सन यांचा तो लेख लिहिला गेला कसा, हे पाहण्यासारखं आहे. जॉन हर्सी यांच्या हिरोशिमावरच्या दीर्घ लेखाला ‘न्यूयॉर्कर’ने ३१ ऑगस्ट १९४६ चा अख्खा अंक दिला. सहा माणसं, त्यांची एक सकाळ. अमेरिका हलली. हार्वर्डचे अध्यक्ष जेम्स कॉनंट स्वतः बॉम्बच्या कामातले. त्यांना वाटलं, आता अधिकृत उत्तर हवं. स्टिम्सन निवृत्त आणि आजारी. मसुदा केला तरुण मॅकजॉर्ज बंडी यांनी. ‘नीट विचार करून घेतलेला निर्णय’ हे चित्र आपल्या डोक्यात पक्कं बसलं ते बव्हंशी या लेखामुळे, म्हणजे बॉम्ब पडल्यावर दीड वर्षाने.

पण जूनचा कमी आकडा नाचवणारेही अर्धंच सांगतात. पुढच्या दीड महिन्यात क्युशू बेटावर जपानी फौज झपाट्याने वाढत होती. पकडलेल्या संदेशांवरून अमेरिकनांना ती ऑगस्टपर्यंत पाच लाखांच्या वर गेल्याचं दिसत होतं. जिथं अमेरिकन उतरणार होते, नेमक्या त्याच किनाऱ्यांच्या मागे. आणि ओकिनावाची लढाई नुकतीच पार पडलेली, तिथं साडेबारा हजार अमेरिकन आणि एक लाखाच्या आसपास स्थानिक नागरिक मेलेले. ऑगस्टमध्ये कुणी नवा अंदाज काढला असता तर तो वरच गेला असता.

*

बॉम्बच्या बाजूचा सगळ्यात जोरदार मुद्दा अमेरिकन सैनिकांचा नाहीच, आशियातल्या माणसांचा आहे. तो वादविवाद स्पर्धेत येत नाही.

ऑगस्ट १९४५ मध्ये जपानी फौजा अजून चीनमध्ये होत्या, इंडोचायनात, मलायात, जावात. चीनमध्ये आठ वर्षांत एक कोटीहून अधिक माणसं मेली होती. फेब्रुवारीत मनिलात लाखभर नागरिक गेले, काही जपान्यांच्या कत्तलीत, काही अमेरिकन तोफांखाली. उत्तर व्हिएतनाममध्ये १९४४-४५ च्या दुष्काळात मेलेल्यांचे अंदाज चार लाखांपासून वीस लाखांपर्यंत जातात. जपानी आणि फ्रेंच अधिकाऱ्यांनी तांदूळ ओढून नेला होता. बंगालचा १९४३ चा दुष्काळ इंग्रजांच्या खाती जातोच, पण ब्रह्मदेशचा तांदूळ बंद झाला तो जपानने रंगून घेतल्यावर. युद्ध एक महिना लांबणं म्हणजे या सगळ्या ठिकाणी आणखी एक महिना.

सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस १९३८ मध्ये चीनला गेले आणि १९४२ मध्ये तिथंच वारले. शांतारामबापूंच्या १९४६ च्या चित्रपटामुळे ते घरोघरी पोचले. कोटणीसांनी ज्यांच्या जखमा शिवल्या त्या चिनी माणसांना हिरोशिमाविषयी विचारलं असतं तर? उत्तर काय आलं असतं ते मला माहीत आहे असं वाटतं. त्या उत्तराला मान देऊनही मला ते पटत नाही. नानकिंगच्या कत्तलीचा हिशेब तेरा वर्षांच्या मुलांकडून वसूल होत नाही. आणि तसा हिशेब मांडायची पद्धत जपानी सेनेचीच होती.

*

९-१० मार्च १९४५ च्या रात्री टोकियोत आगीचे बॉम्ब पडले. सुमारे एक लाख माणसं एका रात्रीत. जनरल कर्टिस लमे यांनी विमानं कमी उंचीवर आणून, रात्री, लाकडी वस्तीवर टाकले. ऑगस्टपर्यंत साठाहून अधिक शहरं अशीच जळाली. यावर वादविवाद स्पर्धा होत नाही. बॉम्बसाठी काही शहरं मुद्दाम राखून ठेवावी लागली, नाही तर जाळायला उरलीच नसती. आपलं शहर का वगळतात म्हणून हिरोशिमाच्या लोकांत नाना अफवा होत्या.

नागरिकांच्या वस्त्या हेच लक्ष्य, ही रेघ मार्चमध्येच ओलांडली गेली होती. जर्मनीत त्याच्याही आधी. ऑगस्टमध्ये ती ओलांडताना कुणी अडखळलं नाही, ते त्यामुळे.

*

९ ऑगस्ट, टोकियो. सहा जणांची सर्वोच्च युद्धसमिती सकाळी साडेदहाच्या सुमारास बसली. हिरोशिमाला तीन दिवस झालेले. पहाटे सोव्हिएत फौजा मांचुरियात शिरलेल्या. तीन जण एका बाजूला: पंतप्रधान सुझुकी, परराष्ट्रमंत्री तोगो, नौदलमंत्री योनाई. सम्राटाचं पद राखून जाहीरनामा मान्य करू, ही एकच अट. दुसरे तिघे: युद्धमंत्री अनामी, लष्करप्रमुख उमेझु, नौदलप्रमुख तोयोदा. यांच्या चार अटी. सम्राट, शिवाय शस्त्रं आम्हीच खाली ठेवू, खटले आम्हीच चालवू, आणि ताबा नको, घेतलाच तर नावापुरता. बैठक चालू असतानाच नागासाकीची बातमी आत आली. तरी तीन-तीन. मंत्रिमंडळातही एकमत नाही. मध्यरात्री राजवाड्याच्या तळघरात सम्राटापुढे बैठक, आणि पहाटे दोनच्या सुमारास हिरोहितोंनी एका अटीच्या बाजूने कौल दिला.

म्हणजे ‘जपान केव्हाचा शरण यायला तयार होता’ हेही खरं नाही. तोगो मॉस्कोतल्या राजदूताला तारा पाठवत होते, स्टालिनने मध्यस्थी करावी म्हणून. अमेरिकन त्या वाचत होते. पण कोणत्या अटींवर, हे त्या तारांत धड कधी आलं नाही, कारण टोकियोतच ते ठरलेलं नव्हतं. खुद्द राजदूत सातो चिडून विचारत होते की तुम्हाला नक्की काय हवं आहे.

मग नमवलं कशाने, बॉम्बने की रशियाने? इतिहासकार त्सुयोशी हासेगावा रशियाकडे बोट दाखवतात, रिचर्ड फ्रँक आणि सादाओ आसादा बॉम्बकडे. माझ्या वहीत दोन कागद शेजारी शेजारी आहेत. १५ ऑगस्टला रेडिओवरून जनतेला ऐकवलेल्या सम्राटाच्या निवेदनात नव्या क्रूर बॉम्बचा उल्लेख आहे, रशियाचा नाही. १७ ऑगस्टला सैन्यासाठी काढलेल्या फर्मानात रशियाचा आहे, बॉम्बचा नाही. ज्याला जे कारण पचेल ते दिलं. योनाई तर खासगीत म्हणाले की बॉम्ब आणि रशिया ही दैवाने दिलेली देणगीच आहे, आता आतल्या भानगडींमुळे शरण जातो असं सांगावं लागणार नाही.

आणि एवढं होऊनही १४ च्या रात्री तरुण अधिकाऱ्यांनी बंड केलं, राजरक्षक दलाच्या सेनापतीला मारलं, आणि सम्राटाच्या भाषणाच्या तबकड्या शोधत राजवाडा पालथा घातला. तबकड्या सापडल्या नाहीत. सकाळपर्यंत अनामींनी पोट चिरून घेतलं होतं. अशा माणसांशी गाठ होती, हे विसरून सोवळं राहणं सोपं आहे.

*

नागासाकी. यावर लिहिताना हात आखडतो.

दुसरा बॉम्ब खरा तर ११ ऑगस्टला ठरला होता. हवामान बिघडणार असं कळलं म्हणून ९ ला. लक्ष्य नागासाकी नव्हतं, कोकुरा होतं. ‘बॉक्सकार’ विमान कोकुरावर तीन घिरट्या घालून आलं, खाली धूर आणि धुकं, नेम दिसेना. इंधनाचा पंप बिघडलेला, एका टाकीतलं इंधन वापरता येईना. मग नागासाकी. तिथंही ढग. शेवटी फट दिसली आणि बॉम्ब पडला तो ठरवलेल्या जागेपासून तीनेक किलोमीटरवर, उराकामीच्या खोऱ्यात. तिथं मित्सुबिशीचे कारखाने होते, आणि जपानमधली सगळ्यात मोठी कॅथलिक वस्ती. अडीचशे वर्षं लपूनछपून धर्म सांभाळलेली माणसं. त्यांतल्या बारा हजारांपैकी साडेआठ हजार गेली. वॉशिंग्टनमधल्या कुणी ९ ऑगस्टला ‘आता दुसरा टाका’ असं म्हटलं नाही. २५ जुलैच्या हुकमात ते आधीच होतं: तयार होतील तसतसे.

हिरोशिमावरच्या बॉम्बच्या बाजूने बोलणारे शहाणे लोकही इथं आवाज खाली आणतात. तीन दिवसांत टोकियोला नीट पाहणी करायलाही सवड मिळाली नव्हती. दुसरा बॉम्ब हवा होता, कारण ‘यांच्याकडे एकच होता’ असं जपानी सेनानींना म्हणता येऊ नये, असा युक्तिवाद आहे. तो मी वाचला. सहा जण नागासाकीनंतरही तीन-तीनच होते.

*

न उघडलेली दारं. यातच माझं मत आलं.

एक: सम्राटाला हात लावणार नाही, असं जाहीरनाम्यात सांगायचं. माजी राजदूत जोसेफ ग्रू तेच सांगत होते. स्टिम्सन यांच्या मसुद्यात तशी ओळ होती. परराष्ट्रमंत्री बर्न्स आणि ट्रूमन यांनी ती काढली. युद्धानंतर सम्राट ठेवलाच.

दोन: रशियाची वाट पाहायची. जर्मनी पडल्यावर दोन-तीन महिन्यांत युद्धात उतरू, असं स्टालिनने याल्टात कबूल केलं होतं. जर्मनी ८ मेला पडली. रशिया बरोबर तीन महिन्यांनी आला. चढाई १ नोव्हेंबरला होती. मध्ये बारा आठवडे.

तीन: आधी निर्जन जागी बॉम्ब टाकून दाखवायचा. शास्त्रज्ञ जेम्स फ्रांक आणि शिकागोतल्या सहकाऱ्यांनी ११ जूनच्या अहवालात हे सुचवलं. त्याआधी बॉम्बविषयी सल्ला देणाऱ्या समितीच्या ३१ मेच्या बैठकीत ही कल्पना दुपारच्या जेवणाच्या टेबलावर थोडा वेळ निघाली आणि ताटं उचलली गेली. १६ जूनला ओपेनहायमर, फर्मी, लॉरेन्स आणि कॉम्प्टन या शास्त्रज्ञांनी कळवलं की युद्ध संपवील असं कोणतंही प्रात्यक्षिक सुचवता येत नाही. लिओ सिलार्ड यांच्या अर्जावर १७ जुलैला सत्तर शास्त्रज्ञांच्या सह्या होत्या. तो ट्रूमन यांच्यापर्यंत पोचलाच नाही.

यांतलं एखादं दार उघडलं असतं तर युद्ध थांबलं असतं, असा दावा मी करणार नाही. तीन-तीनवाले ते सहा जण पाहता कदाचित नसतंच. पण लाखभर माणसं मारण्याआधी ही दारं ढकलून पाहायला हवी होती. कुणी गंभीरपणे ढकलली नाहीत, कारण बॉम्ब वापरणं टाळायचं आहे असं कुणाच्या मनातच नव्हतं. म्हणून माझं उत्तर ‘नाही’. नागासाकीला तर दोनदा ‘नाही’.

*

१९५५ साली जपानमधल्या काही पीडितांनी स्वतःच्या सरकारवर दावा लावला. शिमोदा खटला. सॅन फ्रान्सिस्को तहात जपानने अमेरिकेकडून भरपाई मागायचा हक्क सोडला होता, तेव्हा आता तुम्ही द्या. गंमत अशी, की १० ऑगस्ट १९४५ ला याच राष्ट्राने स्वित्झर्लंडमार्फत निषेध नोंदवला होता: हा बॉम्ब आंतरराष्ट्रीय कायद्याविरुद्ध आहे. आता कोर्टात सरकारचे वकील उभे राहून सांगतात, बॉम्बला मनाई करणारा कायदाच तेव्हा नव्हता, आणि ते निषेधपत्र युद्धात लढणाऱ्या पक्षाचं होतं.

७ डिसेंबर १९६३ ला टोकियो जिल्हा न्यायालयाचा निकाल लागला. दोन्ही शहरांवरचा हल्ला बेकायदा होता. भरपाई मात्र नाही.

*

युद्धानंतर जपानी नेत्यांवर चाललेल्या टोकियो खटल्यातले भारतीय न्यायमूर्ती राधाबिनोद पाल यांनी सगळ्या आरोपींना निर्दोष ठरवणारं वेगळं निकालपत्र लिहिलं. नाझी नेत्यांच्या हुकमांच्या जवळ जाणारी गोष्ट पॅसिफिक युद्धात शोधायची तर ती अणुबॉम्ब टाकण्याचा निर्णय हीच, असं त्यांनी त्यात म्हटलं. १९५२ मध्ये ते हिरोशिमाला गेले. भारतात याचा अभिमान आहे. मला तो निम्माच वाटतो. मनिला-नानकिंगचे अत्याचार त्यांनी नाकारले नाहीत, पण त्यांच्या नावाचं स्मारक आज जपानी युद्धमृतांच्या यासुकुनी देवळाच्या आवारात आहे आणि तिथं जाणारे सगळे काही शांततावादी नसतात.

ऑगस्टच्या सुरुवातीला संसद चालू असेल तर आपले खासदार हिरोशिमासाठी उभे राहून मौन पाळतात. पोखरणनंतरही पाळतात.

*

१९४६ मध्ये ब्रिटिश राष्ट्रकुलाची ताबा-फौज जपानात आली. उतरायचं बंदर कुरे, हिरोशिमाच्या शेजारचं. तीत ब्रिगेडियर थिमय्या यांच्या ब्रिगेडमध्ये पाचव्या मराठा लाइट इन्फन्ट्रीची पहिली पलटण होती. हीच पलटण वर्षभरापूर्वी इटलीत सेनिओ नदीवर लढली होती आणि नामदेव जाधवांनी तिथं व्हिक्टोरिया क्रॉस मिळवला होता. त्या पलटणीतल्या एखाद्या हवालदाराने गावी लिहिलेलं पत्र कुणाच्या माळ्यावरच्या ट्रंकेत असेल तर वाचायचं आहे.

*

१९९५. वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संग्रहालयात हिरोशिमावर बॉम्ब टाकणारं ‘एनोला गे’ विमान मांडायचं होतं, खाली जे झालं त्याच्या वस्तूंसकट. माजी सैनिकांच्या संघटना आणि अमेरिकन काँग्रेस भडकली. प्रदर्शन रद्द, संचालक मार्टिन हार्विट यांचा राजीनामा. विमान मांडलं, जमिनीवरचं वगळून. पन्नास वर्षांनीही आकाशातूनच पाहायचं होतं.

*

१० ऑगस्टला ट्रूमन यांनी सांगितलं की यापुढे माझ्या स्पष्ट हुकमाशिवाय बॉम्ब टाकायचा नाही. मंत्री हेन्री वॉलेस यांच्या रोजनिशीत आहे: आणखी लाखभर माणसं मारण्याची कल्पना सहन होत नाही, ती सगळी मुलं, असं अध्यक्ष म्हणाले. या सगळ्या प्रकरणातला बॉम्बविषयीचा हा पहिला लख्ख अध्यक्षीय निर्णय, आणि तो थांबवण्याचा.

लष्कराचं काम मात्र चालूच होतं. १३ ऑगस्टला जनरल हल आणि कर्नल सीमन यांचं टेलिफोनवर बोलणं झालं, त्याची नोंद उपलब्ध आहे. तिसरा बॉम्ब आठवड्याभरात तयार. मग महिन्याला तीनेक. ऑक्टोबरअखेर सात होतील. हल विचारतात: जसे तयार होतील तसे शहरांवर टाकत राहायचं, की साठवून ठेवून चढाईच्या वेळी किनाऱ्यामागच्या जपानी फौजेवर एकदम वापरायचे? म्हणजे नागासाकीनंतर चार दिवसांनीही, या दोन बॉम्बांनी युद्ध संपेल असं धरून वॉशिंग्टनचे हे अधिकारी चाललेले नव्हते. ते नोव्हेंबरच्या चढाईची आखणी करत होते, आणि फसेलसारख्या एकवीस वर्षांच्या पोरांना त्याच मातीवरून पुढे चालायला लावणार होते.